युद्धकाळातली विनोदी पोस्टकार्डं: खंदकातलं हसू नक्की कुणाचं?

टपालप्रेमी

नमस्कार मंडळी. मी मूळचा तिकिटांवाला, पण गेली काही वर्षं पहिल्या महायुद्धातली विनोदी चित्र-पोस्टकार्डं जमवतो आहे. त्यावर मराठीत फारसं बोललं जात नाही, म्हणून हा धागा.

सुरुवात ज्यांच्यापासून करायलाच हवी ते ब्रूस बेर्न्सफादर. जन्म १८८७ चा, आपल्याकडच्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी (आता पाकिस्तानात). वडील हिंदुस्थानच्या सैन्यात. १९१४ मध्ये हा माणूस रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटचा मशीनगन अधिकारी म्हणून बेल्जियममधल्या प्लोगस्टीर्टच्या चिखलात जाऊन बसला आणि वेळ जावा म्हणून एका पडक्या घराच्या भिंतींवर कोळशाने चित्रं काढू लागला. त्यातलं एक चित्र लंडनच्या 'द बायस्टँडर' साप्ताहिकाला पाठवलं, ते मार्च १९१५ मध्ये छापून आलं. पुढे हीच चित्रं सहा-सहाच्या संचांत पोस्टकार्डं म्हणून विकली गेली.

ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी दोन-तीन सांगतो. सगळ्यांत गाजलेलं नोव्हेंबर १९१५ चं. तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात दोन शिपाई गळ्यापर्यंत रुतलेत, चहूबाजूंनी गोळे फुटताहेत. तरुण कुरकुरतोय आणि झुबकेदार मिशांचा म्हातारा शिपाई त्याला सांगतोय, यापेक्षा बरा खड्डा ठाऊक असेल तर खुशाल जा तिकडे. हा मिशीवाला म्हणजे 'ओल्ड बिल'. दुसऱ्या एका कार्डात शिपाई रेशनचा डबा हातात धरून विचारतोय की स्ट्रॉबेरीचा जॅम कधी यायचा? कारण दर वेळी यायचा तो आलुबुखार आणि सफरचंदाचाच. आणि माझं सर्वांत लाडकं: फ्रान्समधली लूसची लढाई, सप्टेंबर १९१५, कर्नलसाहेबांच्या डोक्यावर छप्पर कोसळतंय आणि मुख्यालयाचा तातडीचा निरोप येतो की गेल्या शुक्रवारी तुम्हाला रास्पबेरी जॅमचे किती डबे मिळाले ते ताबडतोब कळवा.

माझा प्रश्न असा. ही कार्डं म्हणजे सैनिकाच्या जगण्याची खरी नोंद आहे, की 'आमची मुलं तिकडे मजेत आहेत' अशी घरच्यांची समजूत घालायची सोय? मला स्वतःला ती खरी नोंद वाटते. तुमचं मत, इतर देशांची कार्डं, आणि आपल्या मराठी सैनिकांशी याचा काही धागा जुळतो का, तेही लिहा.

मधुरा_डोंबिवली

वाचनखूण साठवली. जॅमच्या डब्यांचा तो निरोप वाचून मार्चअखेरचं आमचं ऑफिस डोळ्यांसमोर आलं. शंभर वर्षांपूर्वीही मुख्यालय तसंच होतं तर!

फौजी_नाना

टपालप्रेमी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी अनुभवाने देतो. बेळगावच्या सेंटरला भरती झालो, पुढे बरीच वर्षं उंचावरच्या चौक्यांवर काढली. फौजी माणूस कशावर हसतो? लंगरवर, उस्तादवर, न मिळालेल्या सुट्टीवर आणि न आलेल्या डाकेवर. या चारांच्या पलीकडे विनोद फारसा जात नाही. तुमच्या त्या शिपायाला रोज एकच जॅम, आम्हाला वर डबाबंद अननस. हेलिकॉप्टर आलं की आधी सगळे डाकेची थैली बघणार, आणि रेशनची पेटी उघडली की कुणीतरी ओरडणार, "अननस हाजिर है!" सगळी चौकी हसायची. दिल्लीहून कुणी आम्हाला असं हसा म्हणून हुकूम पाठवला नव्हता.

घरी पत्र लिहिताना मात्र 'येथील सर्व खुशाल' याच्यापुढे हात चालत नाही. आईला काय लिहिणार, की काल बाजूच्या पोस्टवर काय झालं? अशा वेळी छापील गमतीचं कार्ड हाताशी असतं तर मी शंभर टक्के तेच पाठवलं असतं. खोटं लिहावं लागत नाही आणि खरं सांगावं लागत नाही. त्यामुळे मला ही कार्डं खरी वाटतात.

अनघा_व

नाना, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण मी इतिहास शिकवते आणि मला हे प्रकरण इतकं निरागस वाटत नाही.

'खोटं लिहावं लागत नाही आणि खरं सांगावं लागत नाही' हे वाक्य तुम्ही कार्डाच्या बाजूने लिहिलंत. माझा आक्षेप नेमका तोच आहे. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईच्या पहिल्या एका दिवसात ब्रिटिशांचे ५७,४७० सैनिक कामी आले किंवा जखमी, बेपत्ता झाले. त्यातले १९,२४० मेले. त्याच वर्षी दुकानांत जॅम, उवा, चिखल आणि हवालदाराच्या शिव्यांवरची कार्डं भराभर खपत होती. यातलं एकही कार्ड खोटं नव्हतं. पण सगळी मिळून जे चित्र उभं राहतं ते खोटं आहे, कारण त्यात मरण नाही. फार तर डोक्यावरून जाणारा गोळा आहे, आणि तोही विनोदापुरता.

शिवाय सगळी कार्डं ओल्ड बिलसारखी नव्हती. कैसरला (जर्मन सम्राटाला) झोडपणारी, शत्रूला जनावर दाखवणारी शेकड्याने होती. व्यंगचित्रकार बर्ट थॉमस यांचं १९१४ मधलं पाइप पेटवता पेटवता कैसरला 'जरा थांब रे' म्हणणाऱ्या हसऱ्या शिपायाचं चित्र तर वर्तमानपत्राच्या तंबाखू-निधीसाठीच काढलेलं होतं. हसवणं आणि वर्गणी गोळा करणं एकाच चित्रात.

टपालप्रेमी

अनघाताई, मुद्दा वजनदार आहे. त्याला उत्तर देण्याआधी त्या काळातलं सगळ्यांत कोरडं कार्ड समोर ठेवतो, कारण विनोदी कार्डाची गरज त्यावरून कळते.

ब्रिटिश सैन्याचं 'फील्ड सर्व्हिस पोस्टकार्ड', फॉर्म ए २०४२. त्यावर वाक्यं आधीच छापलेली: मी अगदी बरा आहे. मला इस्पितळात दाखल केलं आहे. आजारी. जखमी. तुमचं पत्र मिळालं. बऱ्याच दिवसांत तुमचं पत्र नाही. सैनिकाने नको ती वाक्यं खोडायची, खाली सही आणि तारीख, बस. वर ठळक सूचना की याखेरीज एक अक्षर जरी लिहिलं तर कार्ड नष्ट केलं जाईल. कवी विल्फ्रेड ओवेन यांनी आईशी ठरवून ठेवलं होतं की एक विशिष्ट वाक्य दोन रेघांनी खोडलं तर मी आघाडीवर पोचलो असं समज.

आता डाकेचा पसारा बघा. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये लाकडी शेड उभारून सैन्याच्या डाकेचा डेपो चालवला होता. ऐन भरात आठवड्याला १ कोटी २० लाख पत्रं, आणि युद्ध संपेपर्यंत २ अब्ज पत्रं आणि ११ कोटी ४० लाख पार्सलं तिथून गेली. जर्मनांच्या फेल्डपोस्टचा (लष्करी टपालाचा) आकडा तर सुमारे २८.७ अब्ज. एवढी माणसं लिहिताहेत, प्रत्येक पत्रावर सेन्सॉरची नजर आहे, आणि लिहायला परवानगी असलेले विषय मूठभर. अशात चिखलाचं चित्र असलेलं कार्ड पाठवणं म्हणजे 'आई, मी गुडघाभर पाण्यात उभा आहे' हे सेन्सॉरच्या डोळ्यांदेखत सांगणं. मरण त्यात नाही, हे मान्य. पण दुसऱ्या कुठल्याही मार्गाने हेही कळलं नसतं.

पन्हाळा_पॅराग्लायडर

जर्मनांच्या कार्डांवर काय असायचं?

टपालप्रेमी

उवा! सदरा काढून शिवणींमधल्या उवा शोधत बसलेले शिपाई, हे जर्मन कार्डांचं ठरलेलं चित्र. त्याखालोखाल फिरतं स्वयंपाकघर, ज्याच्या धुराड्यामुळे शिपाई त्याला 'गुलाशची तोफ' म्हणत. फ्रेंचांकडे चित्रांत स्वस्त लाल वाइनची बाटली हटकून असणार. इंग्रजांचा जॅम, जर्मनांचा गुलाश, फ्रेंचांची वाइन. नानांचा लंगरवाला सिद्धांत इथे पक्का बसतो.

मधुरा_डोंबिवली

आणि आपला अननस. :)

ग्रिम्झबीचा_गणू

मी सध्या इंग्लंडात याच गावी नोकरीला असल्याने लिहितो. तो बदनाम जॅम इथलाच, टिकलर कंपनीचा. रिकामे डबे टाकून देत नसत. १९१५ च्या सुरुवातीला ब्रिटिशांकडे हातबॉम्बचा तुटवडा होता, तेव्हा खंदकातच त्या डब्यांत स्फोटक आणि लोखंडाचे तुकडे भरून, वात लावून बॉम्ब करायचे. शिपाई त्यांना 'टिकलरचा तोफखाना' म्हणायचे. म्हणजे जॅमवर हसणारं कार्ड पाहणाऱ्या शिपायाला त्या डब्याचं पुढे काय होतं हे पुरतं ठाऊक होतं. घरी कार्ड वाचणाऱ्या बायकोला ते ठाऊक नव्हतं. एकच चित्र दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वाचलं जात होतं, असं मला वाटतं.

अनघा_व

गणू, हे फार नेमकं सांगितलंत. माझा आक्षेप घरात वाचल्या गेलेल्या कार्डावर आहे, खंदकात वाचल्या गेलेल्या कार्डावर नाही.

सई_सातारा

मराठी सैनिकांबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. आमच्या साताऱ्याजवळ अपशिंगे गाव आहे, सगळे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले. इंग्रज सरकारने उभारलेलं स्मारक आजही गावात आहे. आजही तिथे घरटी एक तरी माणूस फौजेत.

आता त्या ४६ जणांच्या घरी काय येत असेल याचा विचार करा. हसरी कार्डं नक्कीच नाहीत. बहुतेक शिपायांना लिहिता येत नसे, लिहिणारा दुसरा. गावात वाचणारा मास्तर नाहीतर पाटलाच्या घरचा कुणी, आणि तेही चार माणसांसमोर मोठ्याने. मधे सेन्सॉर. फ्रान्समधल्या हिंदी सैन्याच्या पत्रांसाठी बुलोनला वेगळं सेन्सॉर कार्यालयच होतं, आणि तिथे पत्रांतले उतारे इंग्रजीत करून अहवाल तयार होत. त्यामुळे आपल्याला आज ती पत्रं वाचायला मिळतात, हाही एक विचित्र योगायोग.

विनोद त्यांच्या पत्रांत होताच, फक्त तो लपवलेला होता. १९१५ च्या पत्रांत 'काळी मिरी' आणि 'लाल मिरची' सारखी येते. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, असं कुणी घरी लिहितो. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे. सेन्सॉरच्या साहेबांना ते कळलंही होतं. चित्र नाही, रंग नाही, पण मला तरी हे ओल्ड बिलच्याच जातीचं वाटतं. अनघाताई म्हणतात ते मरण इथे सरळ मोजून सांगितलंय, आणि तेही मसाल्याच्या डब्यातून.

फौजी_नाना

सईताई, अंगावर काटा आला. माझ्या आजोबांच्या पिढीत 'बसऱ्याला गेला' म्हटलं की बायका पदर डोळ्याला लावायच्या.

बसरा ज्यात येतं त्या मेसोपोटेमियाचं, म्हणजे आजच्या इराकचं, पुढे सांगतो. कुत अल अमाराला डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा वेढा पडला. आत अडकलेलं सैन्य म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. त्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. शेवटी रेशन संपलं, घोडे कापून खायची वेळ आली आणि आपल्या बऱ्याच शिपायांनी ते खायला कितीतरी दिवस नकार दिला. शरणागतीनंतर कैदेत कितीतरी जण दगावले. जॅम आवडत नाही म्हणून हसायला आधी जॅम मिळावा लागतो.

मधुरा_डोंबिवली

नाना, या शेवटच्या वाक्यासाठी दंडवत.

शिकागो_शेखर

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी कार्डांबद्दल भर घालतो. इथे हा प्रकार प्रचंड चालला. शिकागोची कर्ट टाइश, बॉस्टनची टिचनर ब्रदर्स, मिलवॉकीची क्रॉप या कंपन्यांनी 'लिनन' कार्डं काढली. कागदावर कापडासारखी खरखरीत वीण उठवलेली असायची आणि त्यामुळे रंग भडक उतरायचा. विषय ठरलेले: बटाट्यांचा डोंगर सोलत बसलेला नवा रंगरूट, कानाशी भोंगा वाजल्यावर पलंगावरून पडणारा, दोन मापं मोठा गणवेश घातलेला, इंजेक्शनच्या रांगेत बेशुद्ध पडणारा, पायाला फोड आलेला. १९४२ पासून सैनिकांना टपाल माफ होतं, त्यामुळे तिकिटाच्या जागी नुसतं हाताने 'फ्री' लिहिलेलं असतं. टपालप्रेमींना हे कोपरे आवडतील. टाइश कंपनीचा मोठा संग्रह आता इथल्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे.

एक फरक मात्र जाणवतो. ही कार्डं बहुतेक प्रशिक्षण छावणीतली आहेत, आघाडीवरची नाहीत. चित्रकार छावणीबाहेर बसून काढायचा, कंपनी दुकानात विकायची. बेर्न्सफादर स्वतः चिखलात होते. अमेरिकेत तसं काम केलं बिल मॉल्डिन यांनी, पण ते पोस्टकार्डावर नव्हे तर सैन्याच्या 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' वर्तमानपत्रात. विली आणि जो हे त्यांचे दाढी वाढलेले, थकलेले दोन पायदळी शिपाई. जनरल पॅटन यांना ते गबाळे शिपाई सहन झाले नाहीत. मार्च १९४५ मध्ये त्यांनी मॉल्डिन यांना बोलावून झाडलं, पण सरसेनापती आयझेनहॉवर यांचा पाठिंबा असल्याने चित्रं थांबली नाहीत. त्याच वर्षी मॉल्डिन यांना पुलित्झर हा पत्रकारितेतला मानाचा पुरस्कार मिळाला.

टपालप्रेमी

आणि २०१० मध्ये अमेरिकी टपाल खात्याने मॉल्डिन यांच्यावर तिकीट काढलं, त्यावर विली आणि जोसुद्धा आहेत. ते माझ्याकडे आहे. :)

तोक्योची_तृप्ती

धागा उशिरा पाहिला. जिंबोचोच्या जुन्या पुस्तकांच्या गल्लीत अशी जपानी कार्डं खोक्यांतून भरून ठेवलेली असतात. १९३७ मध्ये चीनशी युद्ध पेटल्यानंतरच्या काळातली. तिकिटाच्या जागी 'गुंजी यूबिन' म्हणजे लष्करी टपाल असं छापलेलं, बाजूला तपासणी झाल्याचा शिक्का. पलीकडे रंगीत गमतीचं चित्र.

चित्रं फार गोड असतात. पिंपात पाणी तापवून उघड्यावर आंघोळ करणारा शिपाई, बाहेर दुसरा जाळ घालतोय. कपडे धुऊन बंदुकांच्या मधे वाळत घातलेत. घरून आलेली भेटपिशवी उघडताना सगळे भोवती जमलेत. या पिशव्या शाळेतली मुलं आणि महिला मंडळं भरून पाठवायची. डब्यात भात शिजवताना करपलाय. त्या काळात मुलांच्या मासिकात 'नोराकुरो' नावाच्या काळ्या कुत्र्याची चित्रमाला १९३१ पासून चालू होती, तो कुत्र्यांच्या पलटणीत भरती होऊन बढत्या मिळवत जातो. त्याच वळणाचे गोल चेहरे या कार्डांवर दिसतात.

आणि आता जे लिहिणार आहे त्यासाठीच मुद्दाम लिहायला बसले. यांतली कितीतरी कार्डं चिनी मुलांबरोबर खेळणाऱ्या जपानी शिपायांची आहेत. खाऊ वाटतात, गाणी म्हणतात, मुलं खिदळतात. १९३७ च्या डिसेंबरात चीनमधल्या नानजिंगमध्ये जपानी सैन्याने केलेली कत्तल सगळ्यांना माहीत आहे. अशी कार्डं बघताना मला दुकानात उभं राहवत नाही, आणि तरी मी ती चाळत राहते, कारण पाठीमागची अक्षरं खऱ्या माणसाची असतात: धाकट्या बहिणीची परीक्षा कशी झाली, भातलावणी झाली का. टपालप्रेमी, 'खरी नोंद' म्हणताना या कार्डांचं काय करायचं?

अनघा_व

तृप्ती, मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा स्पष्ट लिहिलंत. पिंपातली आंघोळ खरी आहे, करपलेला भात खरा आहे, आणि त्या खऱ्याच्या जोरावर चिनी मुलाचं हसूही खरं वाटायला लागतं. माझी भीती ती आहे.

फौजी_नाना

चिनी मुलांच्या कार्डांबाबत अनघाताईंचं म्हणणं पूर्ण मान्य. शिपायाने स्वतःच्या हालांवर हसावं, तो त्याचा हक्क. ज्यांच्या घरात बंदूक घेऊन घुसलो त्यांना आपल्या चित्रात हसवायचा हक्क नाही.

रत्नागिरीचा_हापूस

अवांतर: आमच्याकडे आजीच्या मामांची लष्करातली जुनी पत्रं आणि थोडी चित्रकार्डं आहेत, दुसऱ्या महायुद्धातली, इटलीहून आलेली. कोकणातल्या दमट हवेत काठाला बुरशी धरली आहे, एकदोन कसरीने खाल्लीत. काय करू? लॅमिनेट करून घेऊ का?

टपालप्रेमी

लॅमिनेशन अजिबात नको! ते परत कधीच काढता येत नाही आणि उष्णतेने शाई बिघडते. आधी ती इतर कागदांपासून वेगळी करा. कोरड्या दिवशी, सावलीत, मऊ ब्रशने बुरशी हळूच झटका, तोंडाला रुमाल बांधून. ओलं फडकं लावू नका. मग एकेक कार्ड पॉलिएस्टरच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. स्टेशनरीच्या दुकानातली पीव्हीसीची जाड पाकिटं टाळा, त्यांचा वास येतो तोच कागदाला मारक असतो. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल, आणि डबा भिंतीला टेकवून ठेवू नका. डांबराच्या गोळ्या थेट कार्डांत टाकू नका. आणि सगळ्यांत आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. मागची बाजू जास्त मोलाची: शिक्का, तारीख, सेन्सॉरची सही.

इटली म्हणजे मराठा पलटणी का? तिथेच यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये आणि नामदेव जाधव यांना १९४५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

रत्नागिरीचा_हापूस

हो, मराठाच. फोटो काढतो. त्यात एक छोटासा, तळहाताएवढा चकचकीत कागद आहे, पत्राचा फोटो काढल्यासारखा दिसतो, वर नाताळचं गमतीचं चित्र. हे काय असावं?

टपालप्रेमी

हा 'एअरग्राफ'. १९४१ मध्ये कैरो ते लंडन सुरू झालेली सेवा. सैनिक ठराविक मोठ्या कागदावर पत्र लिहायचा, त्याचा १६ मिलिमीटर फिल्मवर फोटो काढायचे, फिल्म विमानाने जायची आणि पलीकडे छोट्या कागदावर छापून घरी पोचवायचे. विमानात जागा आणि वजन दोन्ही वाचायचं. नाताळसाठी विनोदी चित्र छापलेले तयार कागद मिळायचे, काही सैनिक स्वतःही चित्र काढायचे. तुमच्याकडचं कुणी गोऱ्या अधिकाऱ्याने मामांना पाठवलंय का ते नाव बघा. जपून ठेवा, फार छान वस्तू आहे.

पन्हाळा_पॅराग्लायडर

मूळ प्रश्नावर परत येतो. सरकारला ही कार्डं आवडत होती की नव्हती? त्यावरून बरंच ठरेल ना?

टपालप्रेमी

तिथेच खरी गंमत आहे. सुरुवातीला बेर्न्सफादर यांच्यावर टीका झाली, की आमच्या वीरांची ही कसली गबाळी थट्टा, यांनी सैन्याची इभ्रत घालवली. घरचा अभिजन वर्ग चिडला आणि खंदकातले शिपाई मात्र तीच चित्रं कापून भिंतींना लावत होते. मग १९१६ मध्ये युद्धखात्याने त्यांनाच अधिकृत चित्रकार-अधिकारी नेमलं आणि फ्रेंच, इटालियन, अमेरिकी आघाड्यांवर पाठवलं. दुसऱ्या महायुद्धात ते युरोपातल्या अमेरिकी सैन्याचे अधिकृत व्यंगचित्रकार होते. म्हणजे सरकारला हा विनोद सुचला नव्हता, पण तो किती कामाचा आहे हे सरकारच्या लवकर लक्षात आलं.

अनघाताई, म्हणून मी १९१५ ची कार्डं आणि नंतरची कार्डं आता अल्बममध्ये वेगळी लावणार आहे. पहिल्या भागातली मी खरी नोंद मानतो, आणि त्यावर ठाम आहे: जॅमच्या डब्यांचा हिशेब मागणारं मुख्यालय कुठल्याही प्रचारखात्याने रंगवलं नसतं. जपानची कार्डं जमवायची झाली तर शेजारी तृप्तीताईंनी लिहिलंय तो मजकूर लावल्याशिवाय मी ती प्रदर्शनात मांडणार नाही.

अनघा_व

वेगळी लावणं योग्यच. पण १९१५ च्या भागातही एक कोरा नसलेला फॉर्म ए २०४२ ठेवा, जमलं तर 'जखमी' न खोडलेला. आणि सईने सांगितलेल्या मिरचीच्या पत्राचा मराठी अनुवाद. मग शाळेतल्या मुलांना घेऊन मी नक्की येईन.

सई_सातारा

अनुवाद मी करून देते. अपशिंग्याच्या स्मारकाचा फोटोही पाठवते, तो त्याच पानावर लावा. प्रदर्शन कधी आणि कुठे आहे?

टपालप्रेमी

तारीख ठरली की इथेच कळवतो. नाना, तुम्हीही यायचंच.

फौजी_नाना

येतो. पण मांडणीत ओल्ड बिलचा खड्डा आणि कुतच्या मराठा पलटणींची माहिती एकाच फळीवर लावा, वेगवेगळ्या खोलीत नको.